माझ्या चेहऱ्याचा भाडेपट्टा

मी दिसायला काही सुंदर नव्हते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको. उंची बेताची, रंग सावळा, आणि नाक वडिलांकडचं, चेहऱ्याला पुरून उरेल एवढं. दात मात्र देवाने सवडीने बसवले होते. लढाईच्या दिवसांत नगरमध्ये त्या दातांवर कुणीकुणी हात धुऊन घेतले, तेच इथे सांगायचं आहे. त्यातल्या एकानेही मला आधी विचारलं नव्हतं.

तेव्हा मी मिशनच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. पगार बावीस रुपये, राहायला बोर्डिंगातली एक खोली, आणि खोलीबरोबर नियमांची एक लांबलचक यादी. शिक्षिकेने लग्न करायचं तर आधी चर्चच्या पंचांची परवानगी घ्यायची, आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीबाहेर लग्न केलं तर त्याच दिवशी खोली आणि नोकरी दोन्ही सोडायची, असा त्यात एक नियम होता. मला लग्नाची घाई नव्हती, म्हणून मी तो एकदा वाचून विसरून गेले होते. बावीसातले दहा रुपये कोल्हारला आईला जात. वडील गेल्यापासून ती प्रवरेकाठी लोकांच्या रानात खुरपायला जायची. माझे दहा रुपये पोचले की महिन्यातले चार दिवस तिला पाठ टेकायला मिळत. धाकटा भाऊ फौजेत भरती होऊन समुद्रापार गेला होता. त्याचं पत्र आलं, "अक्का, इथं सगळ्यांजवळ घरच्यांचे फोटो आहेत. माझ्याजवळच नाही. एक पाठव."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओची पायरी चढले. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एका माडीवर तो स्टुडिओ होता. छताला काचा, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात हंस, आणि माझ्या कोपराखाली टेकायला एक प्लास्टरचा खांब. फोटोग्राफर अंगाने काडी, पण ताठा मामलेदाराचा. कॅम्पातल्या सोल्जरांची त्याच्याकडे रीघ लागलेली असायची, त्यामुळे तुमच्याआमच्यासारख्यांचा फोटो काढणं म्हणजे तो उपकारच समजत असे. "हलायचं नाही, हसायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत," असं बजावून तो काळ्या कापडाखाली शिरला. आणि कापडाखाली त्याला शिंका आल्या. एक नाही, तीन. कॅमेरा हलला, तिकाटणं हललं, कापडातून त्याचे दोन पाय तेवढे उड्या मारताना दिसले. मला हसू आवरेना. नेमकं त्याच वेळी त्याच्या हातातला रबरी फुगा दाबला गेला.

"घालवलीत ना प्लेट वाया!" तो बाहेर येऊन मलाच म्हणाला. "लढाई चालू आहे बाई. प्लेट सोन्याच्या भावाने मिळते."

शिंका जणू मीच दिल्या होत्या. चोराच्या उलट्या बोंबा. दुसरी प्लेट लावायला तो काही तयार होईना, आणि दोन रुपयेही सोडीना. शेवटी बत्तीस दात दाखवणारा तोच फोटो मी भावाला पाठवला. एकच प्रत. मूळ काच, म्हणजे ती प्लेट, स्टुडिओतच राहते, हा त्या धंद्यातला रिवाज होता, आणि न्हाव्याकडे राहिलेले आपले केस जसे आपण परत मागत नाही, तशी काचही कुणी मागत नसे. मीही मागितली नाही.

सातआठ महिने गेले. एका दुपारी मी वर्गात असताना निरोप आला, की फाटकाशी आई उभी आहे. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून ती कोल्हारहून आली होती. तोंडावर काजळी, डोक्यावरचा पदर विस्कटलेला. मला वाटलं भावाची तार आली.

"कवा केलंस?" तिने विचारलं.

"काय?"

"लगीन."

तिने गाठोड्यातून एक पुठ्ठ्याची डबी काढून माझ्या हातात ठेवली. काळं दंतमंजन. डबीवर मी. बत्तिशी दाखवून हसणारी. पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, माझ्या साध्या पांढऱ्या लुगड्याला रुंद काठ, आणि नाकात नथ. नाकापेक्षा मोती जड अशी आपल्यात म्हण आहे. माझ्या नाकापेक्षा जड मोती करायचा, म्हणजे करणाऱ्याने कंबर कसली असली पाहिजे.

"कोल्हारच्या बाजारात वान्यानं वळीनं मांडल्यात," आई सांगू लागली. "मला म्हनतो, मावशी, ही तुमच्या पोरीवानी दिसती. म्या म्हनलं, दिसती काय, हायेच ती! मंग त्यो म्हनतो, जावाई काय काम करत्यात? आता म्या काय सांगावं त्याला? भरल्या बाजारात लई लाज गेली माजी. लगीन केलंस त्याचं न्हाई. आईला सांगितलं न्हाईस, त्याचं."

"आई, लग्न नाही केलं मी. हे कुंकू रंगवलेलं आहे. ब्रशाने."

"आन् मंगळसूत्र?"

"तेही."

"नथ?"

"नथसुद्धा."

तिने डबी परत हातात घेतली आणि नथीवरून अंगठा फिरवला. माझं लग्न खोटं निघालं याचं तिला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "येवढी मोठी नथ चितारली," ती म्हणाली, "तर येखांदी खरी तरी घालायची हुती मेल्यांनी."

मी खूप हसले. तिला जेवू घातलं, संध्याकाळच्या मोटारीत बसवलं, आणि दोन दिवस वर्गातल्या मुलींना डबी दाखवून हसत राहिले. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावलं, तिथे माझं हसू संपलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून रुमालात गुंडाळलेली डबी काढली. "हे काय आहे?"

"मंजन."

"ते मला कळतं. मंडळीतल्या लोकांनी हा प्रश्न पंचांपुढे आणला आहे. तुम्ही मंडळीबाहेर गुपचूप लग्न केलं, असं लोक बोलतात. मंगळसूत्र दिसतं आहे."

मी शिंकांपासून सगळी हकिकत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. आमचे पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते, फक्त शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं, आणि माझ्याआधी नि माझ्यानंतर बोलणारे पुष्कळ होते. "मूळ फोटो आणा," ते म्हणाले. "कुंकू नसलेला. पुढच्या सोमवारी पंच बसतील. फोटो दाखवलात तर प्रश्न मिटला. नाहीतर शाळेच्या मुख्य मडमसाहेबांना नाइलाजाने तुमच्या जागी दुसरी शिक्षिका बघावी लागेल." बोलताना त्यांच्या हिरड्यांवर काळी रेघ दिसत होती. पुराव्याची डबी अर्धी संपलेली होती.

मूळ फोटो होता भावाजवळ, आणि भाऊ कुठल्या देशात आहे हे सेन्सॉरलाच ठाऊक. पत्र जायला-यायला तीन महिने. माझ्याजवळ होते आठ दिवस. बावीस रुपये गेले तर मी फार तर कुणाच्या घरी पोरं सांभाळून राहिले असते. पण आईचे दहा रुपये गेले, की तिचे ते पाठ टेकायचे चार दिवस गेले. त्या रात्री मला तेवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच स्टुडिओ गाठला. मला पाहून फोटोग्राफर असा खूश झाला, की त्याने खुर्ची स्वतः पुसली.

"तो फोटो ना! फार छान गेला."

"गेला? कुणी नेला?"

मग त्याने मला आपल्या धंद्याचं शास्त्र समजावून दिलं, आणि खरं सांगायचं तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नॉर्मल स्कूलमध्ये असताना एवढं स्पष्ट मला कुठल्याही मास्तरांनी शिकवलं नव्हतं. फोटोची किंमत आकारावर नसते, तो कुठे लागणार त्यावर असते. घरात लावायचा, दोन रुपये. दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा, पाच. मालाच्या लेबलावर छापायचा, पंधरा, तेही एका वर्षापुरते आणि एकाच मालापुरते. कॅलेंडरवर पंचवीस, कारण कॅलेंडर भिंतीवर बारा महिने राहतं. "लेबलाचं काय, मंजन संपलं की उकिरड्यावर," तो म्हणाला. म्हणजे मी उकिरड्यावरच्या भावात गेले होते.

"फोटो विकायचा नसतो बाई," तो पुढे म्हणाला. "विकला की संपला. भाड्याने द्यायचा. वर्ष भरलं की पुन्हा भाडं."

"आणि माझं काय? चेहरा माझा आहे."

"भाडं घरमालकाला मिळतं. घराला कुणी विचारतं का?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे मी पाहिले होते, पण हलवायालाच दोन रुपये भरायला लावणारा हा पहिलाच.

कुंकवाबद्दल विचारलं तेव्हा तर त्याचा चेहरा फुलून आला. ते काम त्याचंच. फोटोची एक मोठी प्रत काढून तिच्यावर पाण्याच्या रंगांनी सगळा साज चढवायचा आणि मग त्या प्रतीचा पुन्हा फोटो घ्यायचा. त्याचे दर निराळे. कुंकू दोन आणे, काठ चार आणे, मंगळसूत्र सहा आणे, नथ बारा आणे. "एकेक मोती बारीक ब्रशाने उठवावा लागतो," तो म्हणाला. "त्यात तुमचं नाक जरा... म्हणून नथ मोठी घ्यावी लागली. त्याचे जादा पैसे मी लावले नाहीत." त्याने मला ती रंगवलेली प्रतही दाखवली. काम सुरेख होतं, हे कबूल करते. हात शिवशिवत होते ते वेगळ्या कारणाने.

"मला कुंकवाशिवायची एक प्रत द्या. काय होतील ते पैसे घ्या."

त्याने जीभ चावली. "तेवढं सोडून बोला." कपाटातून त्याने एक स्टँपाचा कागद काढला. मंजनवाल्याने लिहून घेतलं होतं, की वर्षाची मुदत संपेपर्यंत या फोटोची प्रत स्टुडिओने कुणालाही काढून द्यायची नाही.

"मलासुद्धा नाही?"

"तुम्ही कुणालाहीमध्येच येता ना बाई. मालकाची चिठ्ठी आणा, लगेच देतो."

तर स्वतःच्या चेहऱ्याची एक प्रत मिळावी म्हणून परवानगी मागायला मी माळीवाड्यात मंजनवाल्याकडे गेले. वाड्याच्या मागच्या अंगणात बदामाची टरफलं जळत होती, दोनतीन बायका कोपरापर्यंत काळ्या होऊन कोळसा आणि तुरटी कुटत होत्या, आणि मालक ओसरीवर तक्क्याला टेकून पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बसले होते. तोंडात कडुनिंबाची काडी.

"तुम्ही मंजन लावत नाही?" मी विचारलं.

"आम्हाला काडीची सवय," ते म्हणाले. मग ओळख पटली आणि त्यांनी आतल्या मंडळींना हाक मारली, "अगं, बाहेर या, डबीवरच्या बाई आल्यात!" चहा आला. मालक बोलत होते माझ्याशी, पण बघत होते माझ्या कपाळाच्या वर, केसांकडे. उघडं कपाळ त्यांना बघवत नव्हतं.

मी माझी अडचण सांगितली. त्यांना तिचं नवल वाटलं. "अहो, शोभा आणली तुम्हाला. उघड्या कपाळाची बाई डबीवर घातली असती, तर सकाळी उठून कोण तोंड बघणार होतं तिचं? वाण्याने माल ठेवला नसता. चेहरा तुमचा, मान्य. पण कुंकू आमचं. आणि माल खपतो तो कुंकवावर."

"मग नुसतं कुंकूच छापायचं होतं."

ते हसले. दिलदार माणूस. कागद-दौत मागवून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि तिच्याबरोबर दुसरा एक कागद माझ्यापुढे सरकवला. फोटो मी राजीखुशीने काढू दिला, कुंकवासकट छापण्याला माझी संमती आहे, हरकत नाही, असा मजकूर. "यावर सही करा, चिठ्ठी घेऊन जा. वर एक डझन डब्या."

मी नुकतीच शिकून आले होते, म्हणून विचारलं, "संमती किती वर्षांची? आणि कॅलेंडर वेगळं धरायचं का यातच?"

मालकांनी तोंडातली काडी काढली. इतका वेळ केसांकडे बघणारे ते आता सरळ माझ्या डोळ्यांत बघू लागले. "दहा रुपये देतो," ते म्हणाले. "रोख. विषय संपवा."

दहा रुपये म्हणजे आईचा एक महिना. खोटं कशाला बोलू, मी टाक उचलला होता. पण राजीखुशीने कुंकू लावून घेतलं असं लिहून दिलं, तर तोच कागद सोमवारी पंचांच्या टेबलावर येणार, आणि दहा रुपये एकदाच मिळवून दर महिन्याचे बावीस जाणार. हिशेब चौथीतल्या मुलीलाही जमला असता. मी टाक खाली ठेवला.

"बघा बुवा," मालक म्हणाले, आणि काडी पुन्हा तोंडात घातली. "सहीवाचूनही डब्या जातातच आहेत."

रस्त्याने परत येताना मी एवढी संतापले होते, की टांग्याखाली येता येता वाचले. फोटोग्राफर, मालक, पाळकसाहेब, सगळ्यांना मनातल्या मनात आईच्या बोलीत शिव्या दिल्या. त्या बोलीत शिव्या जास्त आहेत. मग तो स्टँपाचा कागद आठवला, आणि बोर्डिंगकडे वळायचं सोडून मी परत स्टुडिओची माडी चढले.

"प्रत काढून द्यायची नाही, असं लिहिलंय ना?" मी विचारलं. "काच नुसती दाखवायची नाही, असं लिहिलंय का?"

फोटोग्राफरने कागद दोनदा वाचला. मग उजेडाकडे धरून पुन्हा वाचला. "दाखवायचं काही लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. पंचांपुढे यायला तो तयार झाला. स्टुडिओबाहेरच्या कामाचा दर एक रुपया आणि टांग्याचं भाडं वेगळं. मी कबूल केलं. रंगवलेली प्रतसुद्धा बरोबर आणतो, म्हणाला, लोकांना काम तरी दिसेल.

सोमवारी पंच बसले. पाळकसाहेब, मंडळीचा कारभार बघणारे दोन वयस्क वडील, आणि मधल्या खुर्चीवर आमच्या मडमसाहेब. मडमसाहेब मराठी बोलायच्या ती पुस्तकातली, स्वच्छ, एकही शब्द न गाळता. फोटोग्राफरने काळ्या कागदातून काच काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सगळे वाकले. काचेवर मी उलटी होते. तोंड काळं कुळकुळीत, केस पांढरेफटक, आणि दात मंजन लावून चूळ भरायची राहिल्यासारखे काळे.

"ही तुम्ही?" पाळकसाहेबांनी दचकून विचारलं.

"काचेवर काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं होतं," फोटोग्राफरने सांगितलं. "कपाळ बघा साहेब. कुंकू असतं तर तिथं पांढरा ठिपका असता."

ठिपका नव्हता. पण एका वडिलांना काच पटेना. त्यांचं म्हणणं, चांगलं दिसतंय ते खोटं आणि हे भूत खरं, हे कशावरून? तेव्हा फोटोग्राफरमधला कारागीर खवळला. त्याने रंगवलेली मोठी प्रत टेबलावर ठेवली, कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझं कुंकू पुसलं. मग मंगळसूत्र. मग नथ.

"अरेरे!" दोघे वडील एकदम म्हणाले. पाळकसाहेबांनी तोंडावर हात घेतला. तिघेही आज्यापणज्यापासूनचे ख्रिस्ती. घरात कुंकवाची डबी कधी बघितलेली नाही. पण पुसलेलं कुंकू त्यांना बघवेना. मला मात्र हसू यायला लागलं. ते मी दाबलं, कारण हसूनच हे सगळं झालं होतं.

"हे सर्व का हळहळले?" मडमसाहेबांनी विचारलं. पाळकसाहेबांनी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं, की हिंदू बाईचा नवरा मेला म्हणजे तिचं कुंकू असं पुसतात, मंगळसूत्र तोडतात. मडमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पर्समधून एक लहानशी वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं.

निकाल माझ्या बाजूने लागला. लग्न झालेलं नाही, नोकरी कायम. फोटो काढताना यापुढे गंभीर राहावं, अशी एक सूचना तेवढी वहीत लिहिली गेली. मडमसाहेब अजून ती पुसलेली प्रत न्याहाळत होत्या. शाळेच्या वार्षिक अहवालासाठी हा फोटो मिळेल का, असं त्यांनी फोटोग्राफरला विचारलं. तो अहवाल शाळेला देणग्या देणाऱ्या परदेशातल्या लोकांकडे जात असे. मंजनाची मुदत पाच महिन्यांत संपते, मग मिळेल, फोटोग्राफर म्हणाला. एरवी पाच, धर्मकार्याला तीन रुपये. माझ्यासमोर सौदा झाला. मी मध्ये उभी होते, पण मला कुणी विचारलं नाही, आणि नोकरी वाचल्याच्या आनंदात ते माझ्याही लक्षात आलं नाही.

अहवाल छापून आला तो पुढच्या उन्हाळ्यात. कचेरीत त्याचे गठ्ठे पडले होते. त्यांवर नावं-पत्ते लिहायला मला बसवलं होतं, म्हणून एक उघडला. तिसऱ्या पानावर मी. कपाळ उघडं, नाक उघडं, दात तेच. खाली इंग्रजीत चार ओळी होत्या. ही बालविधवा. हिचं कुंकू पुसून हिला घराबाहेर काढण्यात आलं. आईबाप नसलेली ही मुलगी आमच्या शाळेला रस्त्यावर सापडली. आज ती शिक्षिका आहे आणि, आपल्या कृपेने, हसते आहे.

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. एका वर्षात, लग्न न करता, मी सवाष्णही झाले आणि विधवाही. मंजनवाल्याने निदान माझी आई जिवंत ठेवली होती.

अहवाल हातात घेऊन मी मडमसाहेबांच्या खोलीत गेले. राग इतका होता, की दार वाजवायचं राहिलं. "मडमसाहेब, माझं लग्न झालेलं नाही, हे तुम्हीच ठरवलंत. मग मी विधवा कशी झाले? आणि माझी आई कोल्हारला आहे. जिवंत आहे."

मडमसाहेब रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नसत. "कोल्हारला हा अहवाल जात नाही," त्या म्हणाल्या. "जे लोक पैसे पाठवतात, ते दया वाटली म्हणजेच पाठवतात. त्या पैशांतून मुलींना भाकरी मिळते आणि तुमचा पगारही दिला जातो. फोटो खरा आहे. त्याखालच्या गोष्टी दुसऱ्या कितीतरी मुलींच्या बाबतीत खऱ्या आहेत." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमची हरकत असेल तर तसं लिहून द्या. मी पंचांपुढे ठेवीन."

पुन्हा पंच. पुन्हा ते टेबल. आईला त्या महिन्याचे दहा रुपये अजून पाठवायचे होते.

"हरकत नाही," मी म्हटलं, आणि कचेरीत येऊन उरलेले पत्ते लिहिले. अक्षर माझं फार चांगलं होतं. त्यासाठीच मला ते काम दिलं होतं.

इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आले, आणि फोटोग्राफर, मंजनवाला, पाळकसाहेब यांची यथेच्छ टर उडवत आले. पण धंद्याचं बोलायचं तर त्या फोटोग्राफरने माझा चेहरा पंधरा रुपयांना दिला तो वर्षाच्या मुदतीने, एकाच मालासाठी, स्टँपाच्या कागदावर. मी दिला तो तोंडी, कशासाठीही, बिनमुदत. मंजनाच्या डबीवर वर्षभराने दुसरी बाई आली. अहवालात मात्र दरसाल तीच बालविधवा हसत राहिली, माझे केस पिकले तरी तिचे पिकले नाहीत, आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पगारपत्रकावर सही करून तिचं भाडं घेत राहिले.